वहीतला डिसेंबर

बाईंनी गाडीची किल्ली नंतर दिली, आधी वही दिली. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीला ठेवतात तशी. आत आखलेले रकाने: तारीख, मीटर, लिटर, रुपये, आणि शेवटी दोन जोडरकाने, ‘गावात’ आणि ‘बाहेर’. प्रत्येक ओळ शाईच्या पेनाने लिहिलेली, खाडाखोड नाही.

“गाडी पेट्रोल पितेय,” त्या म्हणाल्या. “पण नुसतं म्हणून काय उपयोग? हे बघा.”

चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर क्लच दाबणं जमेना, म्हणून मॅन्युअल गाडी विकून एप्रिलमध्ये त्यांनी 2013 सालची ऑटोमॅटिक सेदान घेतली होती. चार गतींची, जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टरची. मीटरवर 62 हजार किलोमीटर. पुण्यातली रोजची ये-जा आणि महिन्यातून एकदा वाईला माहेरी, एवढाच तिचा वापर. माझ्याकडे त्या जानेवारीत आल्या. त्याआधी एका गॅरेजने त्यांना गिअरबॉक्स उतरवायला सांगून पासष्ट हजारांचा आकडा दिला होता.

माझं काम जुन्या गाड्या तपासण्याचं. सुरुवात नाना पेठेतल्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून झाली. स्पेअर पार्टच्या दुकानांत पळापळ करता करता हात काळे झाले आणि डोळे तयार झाले. आता कुणी वापरलेली गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात, किंवा घेऊन फसले की मग बोलावतात. दुसरीच वेळ जास्त येते. तक्रारही बहुधा एकच असते: ॲव्हरेज देत नाही. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तक्रारीसोबत निदानही तयार असतं: गिअरबॉक्स गेला.

हे निदान मीही एकदा केलं आहे. ते सांगितल्याशिवाय बाईंच्या गाडीचं सांगणं खरं होणार नाही.

2009 सालची गोष्ट. एक गृहस्थ छोटी ऑटोमॅटिक घेऊन आले. हमरस्त्यावर इंजिन किंचाळतं, पेट्रोल भरमसाट जातं. मी एक चक्कर मारली. ऐंशीच्या वेगाला इंजिनाचा आवाज तिसऱ्या गिअरचा येत होता, चौथा पडतच नव्हता. त्या काळात पुण्यात ऑटोमॅटिक गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि गिअरबॉक्स उघडणारे त्याहून कमी. मी मोठ्या अधिकाराने सांगितलं, “यात पैसे घालू नका, विकून टाका.” त्यांनी बाजारभावापेक्षा तीस हजार कमी घेऊन विकली. दोन महिन्यांनी ज्याने ती घेतली तो एजंट मला चहाच्या टपरीवर भेटला आणि हसायला लागला. त्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावर अंगठ्याखाली एक छोटं बटण होतं. ओव्हरड्राइव्ह बंद करायचं. ते दाबून ठेवलं की गाडी टॉपचा गिअर घेतच नाही. घाट चढताना किंवा उतरताना उपयोगी पडावं म्हणून दिलेलं असतं. कुणीतरी कधीतरी ते दाबलं होतं, आणि मीटरमध्ये त्याची आठवण करून देणारा दिव्याचा बल्ब गेलेला होता. एजंटच्या ड्रायव्हरने गाडी ताब्यात घेतानाच ते बटण पुन्हा दाबलं. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडीत बसलो की किल्ली अर्धी फिरवून मी मिनिटभर नुसते दिवे बघतो. कोणता लागतोय, कोणता लागायला हवा होता आणि लागला नाही. बाईंच्या गाडीतही तेच केलं. सगळे दिवे जागेवर होते, बटणही बरोबर होतं. मग नेहमीची सोपी कारणं तपासली: टायरमधली हवा, जॅकवर चाक फिरवून ब्रेक घासतोय का, एअर फिल्टर, प्लग. सगळं नीट.

म्हणून पुन्हा वहीकडे वळलो.

लोकांना वाटतं ॲव्हरेज हा एक आकडा असतो. गाडी विकत घेताना कंपनीचा आकडा हातात असतो, आणि तो रस्त्यावर मिळाला नाही की फसवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे असे आकडे एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत निघतात. ती पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, 1966 पासून. तिथे गाडी फिरत्या रोलरांवर चढवून ठरलेल्या वेगांच्या चक्रात चालवतात. शहराचा थांबत-सुटत चालणारा भाग आणि मग बाहेरच्या रस्त्याचा, ज्यात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. गाडी ठणठणीत, एसी बंद, ना खड्डा ना नवले पुलाचा चढ. दोन नव्या गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. बारा वर्षं वापरलेल्या गाडीला जाब विचारायला त्याचा उपयोग नाही. तिला तिचाच आकडा विचारावा लागतो, तिच्याच दुसऱ्या आकड्याच्या शेजारी ठेवून.

बाईंनी तेच केलं होतं. दर वेळी त्याच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, पुढच्या वेळी तसंच, आणि मधले किलोमीटर भागिले लिटर. वाईला निघताना टाकी भरायची आणि परतल्यावर पुन्हा, म्हणजे ‘बाहेर’चा हिशेब वेगळा. गावात सरासरी 9.8. बाहेर 11.2.

हा दुसरा आकडा मला खटकला. गावात दहाच्या आत, ठीक. जुनी चार गतींची ऑटोमॅटिक, सिग्नलचा रस्ता, थोडं कमी आहे इतकंच. पण अशी गाडी हमरस्त्याला लागली की चार-पाच किलोमीटर तरी वर चढायला हवी. ही दीडही चढत नव्हती. म्हणजे जिथे टॉपच्या गिअरची कमाई असते तिथेच ती खात होती.

मग मी महिने बघितले. मे महिन्यात बाहेर 12.6, गावात 10.2. डिसेंबरात बाहेर 10.9, गावात 9.4.

“बाई, मेमध्ये एसी लावत होता ना?”

“न लावून सांगते कुणाला? चाळीस डिग्री होतं.”

“आणि डिसेंबरात?”

“काचा खाली.”

एसी लावून जास्त आणि बंद ठेवून कमी. उलटं गणित. त्या माझ्याकडे बघत होत्या, वर्गात एखाद्या मुलाने हात वर करण्याची वाट बघावी तसं. त्यांना विसंगती आधीच दिसली होती. कारण फक्त माहीत नव्हतं. मला अंदाज आला होता, पण 2009 पासून मी अंदाज तोंडावर आणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. बाई गाडी चालवत होत्या, मी शेजारी. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात माझा छोटा स्कॅनर लावला आणि मोबाइलवर तीन आकडे उघडे ठेवले: गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, कुलंटचं तापमान. वारज्याहून नवले पुलावर, तिथून चढ चढून कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरच्या दिशेने.

बोगदा ओलांडून सपाटीला लागलो. वेग 80, बाईंचा पाय स्थिर. इंजिनाचे फेरे 3300. या गाडीत एवढ्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ते 2300 च्या आसपास हवेत. म्हणजे गाडी तिसऱ्यातच होती. आणि तापमान? 56. निळा दिवा, इंजिन थंड असल्याचा, घरापासून चौथ्या मिनिटालाच विझला होता. या गाडीत तो पन्नाशीतच विझत होता. दिवा विझला की आपण म्हणतो, तापलं इंजिन. प्रत्यक्षात ते नव्वदच्या आसपास पोचायला हवं. आम्ही अर्धा तास चालत होतो आणि ते साठीही गाठत नव्हतं.

टोल नाक्याच्या रांगेत दहा मिनिटं गेली. उभ्या गाडीचं तापमान चढत 74 झालं. रांगेतून सुटलो, वेग धरला, आणि एक मऊ झटका बसून फेरे 2500 वर उतरले. चौथा पडला. आणखी काही क्षणांनी, झटका नसलेली एक सरक, आणि 2300.

“आत्ता कशी शांत झाली!” बाई म्हणाल्या.

“डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. दाबू नका.”

त्यांनी केला. वेग तोच, फेरे 2550. पाय काढला, पुन्हा 2300.

हे दोनशे-अडीचशे फेरे म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची सगळी कहाणी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो. आत एकमेकांकडे तोंड केलेले दोन पंखे. इंजिन पहिला फिरवतं, त्याने ढकललेल्या तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहू शकते, क्लच लागत नाही, बाईंचा गुडघा वाचतो. पण तेलाने ढकलताना थोडं निसटतंच. ते निसटलेलं पेट्रोल तेल तापवण्यात जातं. हमरस्त्यावर ही गळती थांबावी म्हणून त्याच डब्यात एक छोटा क्लच असतो, जो दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो. त्याला लॉकअप म्हणतात. ब्रेकला स्पर्श झाला की तो सुटतो, पाय काढला की लागतो. बाईंच्या गाडीत तो लागत होता, सुटत होता, पुन्हा लागत होता. मेलेला गिअरबॉक्स असं वागत नाही.

चार किलोमीटर गेलो. वाऱ्याने इंजिन थंड होत होतं. 68, 64, 61. साठच्या खाली आकडा गेला आणि धक्का देऊन गाडी तिसऱ्यात उतरली. पुन्हा 3300.

“हाच तो झटका,” बाई म्हणाल्या. “याच्यावरूनच त्या गॅरेजने गिअरबॉक्स म्हटलं.”

मी त्यांना सांगितलं की गिअरबॉक्स वेडा नाही, आज्ञाधारक आहे. त्याला डोळे नाहीत. त्याला खबरा येतात: पेडल किती दाबलंय, गाडीचा वेग काय, इंजिन किती तापलंय. इंजिन थंड असताना टॉपचा गिअर आणि लॉकअप रोखून धरायचा, म्हणजे इंजिन लवकर तापेल आणि धडपडणार नाही, असं त्याला बनवणाऱ्यांनीच शिकवलेलं. सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी तो नियम शहाणपणाचा आहे. या गाडीत ती पाच मिनिटं संपतच नव्हती. इंजिनालाही तीच खबर जात होती, म्हणून तेही थंड इंजिनाला देतात तसं थोडं जास्त पेट्रोल देत होतं. जुन्या स्कूटरवाल्यांना समजेल: चोक ओढलेलाच ठेवून वाईपर्यंत जाणं. मे महिन्यात हवेनेच इंजिन जरा उबदार राहायचं, म्हणून अधूनमधून टॉप मिळायचा आणि ॲव्हरेज वर यायचं. डिसेंबरात तेही नाही.

खालच्या गिअरमध्ये पेट्रोल जास्त का जातं, हे बाईंनी विचारलं, आणि उत्तर नीट मिळेपर्यंत सोडलं नाही. काम तेवढंच असताना इंजिन जास्त वेळा फिरलं तर आतलं घर्षण वाढतं, हे सोपं. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. सपाट रस्त्यावर इंजिनाला थोडीच ताकद लागते, त्यामुळे हवा आत घेणारी झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिन अर्धवट दाबलेल्या नाकपुडीतून श्वास ओढत बसतं. त्या ओढण्यातही ताकद जाते. वरच्या गिअरमध्ये फेरे कमी, म्हणून झडप जरा जास्त उघडावी लागते, श्वास मोकळा होतो. म्हणूनच ऑटोमॅटिक गाडीत पेडल हलकं ठेवलं की ती लवकर वरचा गिअर घेते. आणि जो सिग्नल सुटताच पाय रोवतो त्याला ती प्रत्येक गिअर ताणून देते, कारण पायाची खबर ‘घाई आहे’ अशी असते.

परतीच्या वाटेवर बोगद्यानंतरचा उतार लागला. बाईंनी सवयीने दांडा न्यूट्रलला टाकायला हात नेला. मी थांबवलं. कार्ब्युरेटरच्या काळातली ती बचत आता बचत राहिलेली नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिनाला स्वतः चालू राहायला पेट्रोल लागतं. आणि याच उतारावर नवले पुलापाशी न्यूट्रल टाकून उतरणाऱ्या ट्रकांनी किती अपघात केलेत, ते पुणेकरांना सांगायला नको.

गॅरेजात बॉनेट उघडलं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन बोल्ट. झाकणाच्या कडेला लाल सिलिकॉनचा ओघळ सुकलेला. कंपनी तसं लावत नाही. कुणीतरी इथे हात घातला होता. बोल्ट काढले, झाकण उचललं. आतली खाच रिकामी. थर्मोस्टॅट व्हॉल्व नव्हताच.

हा वाटीएवढा व्हॉल्व थंड इंजिनात बंद असतो, म्हणजे कुलंट रेडिएटरला जात नाही आणि इंजिन पटकन तापतं. ऐंशीच्या वर तापमान गेलं की त्यातलं मेण वितळून फुगतं, व्हॉल्व उघडतो. तो काढून टाकला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. आपल्याकडे हा इलाज जुना आहे. गाडी गरम होते? व्हॉल्व काढून टाक. माझ्या वस्तादांनी मलाही हेच शिकवलं होतं, आणि मी कित्येक गाड्यांचे काढलेही आहेत. जीप-टेम्पोच्या जमान्यात त्याने फारसं बिघडत नव्हतं. गिअर माणसाच्या हातात होता आणि माणूस इंजिनाचं तापमान विचारत नव्हता.

नवा व्हॉल्व साडेअकराशेचा, कुलंट नऊशेचं. लावून पुन्हा खेड शिवापूर. तापमान 89 वर स्थिर, फेरे 2300, कुठे झटका नाही. बाई खूश. मी नव्हतो. व्हॉल्व हौसेने कुणी काढत नाही.

संध्याकाळच्या गर्दीत मी गाडी मुद्दाम स्वारगेटला नेली, एसी लावून. पंधराव्या मिनिटाला आकडा 96, मग 101, मग 104. रेडिएटरचा पंखा हळू गतीवर लागायलाच तयार नव्हता. अगदी टोकाला गेल्यावर जोराची गती लागायची. त्याचा रेझिस्टर जळालेला. हे होतं मूळ दुखणं. आधीच्या मालकाची गाडी कधीतरी अशीच गर्दीत तापली असणार, आणि पंखा दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी व्हॉल्व काढून दिला असणार. गाडी तापायची थांबली. मालक समाधानी. पेट्रोल किती जास्त जातंय, ते त्याने मोजलं नाही. पंख्याचे सव्वीसशे, मजुरीचे बाराशे. सगळं मिळून 5,850 रुपये.

जुनी गाडी आधीच्या मालकाची सवय उचलते, असं लोक म्हणतात. काही गिअरबॉक्स आपल्या क्लचची झीज ओळखून दाब बदलतात, तेवढं त्यात खरं. 2014 साली सेलेरिओ या गाडीपासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली. त्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलवतं. तेलाचा डबा नसल्यामुळे त्या पेट्रोलला काटकसरी, पण चढावर ब्रेकऐवजी पेडलवर गाडी तोलून धरणाऱ्याची सवय तिथे क्लच प्लेटवर खरोखर उमटते. बाईंच्या गाडीने मात्र कुणाची सवय उचलली नव्हती. तिने कुणाच्या तरी एका दुपारच्या निर्णयाचं पालन केलं होतं, वर्षानुवर्षं.

जुलैमध्ये बाई पुन्हा आल्या, वही घेऊन. गावात 12.2, बाहेर 16.3. महिन्याला साडेअकरा लिटरची बचत, साधारण बाराशे रुपये. खर्च पाच महिन्यांत फिटला. पुढच्या पानावर आणखी एक गणित मांडलेलं होतं. कंपनीच्या सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का 41 हजारांवर होता. तिथून 62 हजारांपर्यंत, म्हणजे 21 हजार किलोमीटर व्हॉल्वशिवाय चालले असं धरून, जुन्या आणि नव्या सरासरीने भागाकार केला होता. उत्तराखाली दोन रेघा: 490 लिटर.

“सव्वीसशेच्या पंख्यासाठी,” त्या म्हणाल्या. “बिचाऱ्याला कळलंही नसेल.”

मी मान डोलावली. वही परत देताना एक कोरं पान दिसलं, आणि मनात त्या पानावर एक ओळ लिहिली गेली. सन 2009. तीस हजार रुपये. एक बटण.